पासाशिवाय एक दिवस : माएबूर परिसरातील कौटुंबिक सहली

(आगमन-शताब्दीच्या कुटुंब-संमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर)



शताब्दीच्या या कार्यक्रमात आज सकाळपासून आपण बरेच काही ऐकले. जहाजांबद्दल ऐकले, मंदिरांबद्दल ऐकले, झाकरीच्या गाण्यांबद्दल ऐकले. आता जेवणाआधीच्या या वेळात आम्हांला जो विषय दिला आहे तो ऐकून कोणी हसेल. विषय आहे सहली. आपल्या मंडळाच्या सहल-समितीने गेली काही वर्षे कुटुंबांना घेऊन माएबूरच्या आसपास ज्या एका दिवसाच्या सहली काढल्या, त्यांबद्दल बोलायचे आहे. बस भाड्याने घ्यायची, दालपुरी आणि लोणचे डब्यांत भरायचे, सकाळी निघायचे आणि दिवेलागणीच्या आत घरी परतायचे. यात भाषण करण्यासारखे काय आहे, असे आपणांस वाटेल.

म्हणून आधी एक जुनी गोष्ट सांगतो.

१८६७ साली या बेटावर एक कायदा झाला. ज्या मजुराचा पाच वर्षांचा करार पुरा झाला आहे आणि जो आता कागदोपत्री मोकळा आहे, अशा माणसाने स्वतःजवळ एक तिकीट बाळगायचे, त्यावर त्याचा फोटो, आणि शिवाय पोलिसांचा पास. तो ज्या जिल्ह्यात राहतो त्या जिल्ह्याची त्यावर नोंद. योग्य पासाशिवाय तो दुसऱ्या जिल्ह्यात सापडला तर त्याला भटक्या म्हणून पकडता येत असे. पोर्ट लुईजवळ ग्रां रिव्हिएर येथे अशा पकडलेल्या लोकांना ठेवण्यासाठी डेपो होता. त्याचे अवशेष आजही आहेत. म्हणजे आपल्यातल्या एखाद्याचा पणजा वाक्वाला, प्लेन विल्हेम्स जिल्ह्यात राहत असेल आणि रविवारी ग्रां पोर जिल्ह्यातल्या आपल्या गाववाल्याला भेटावे असे त्याच्या मनात आले असेल, तर ती साधी भेट त्याला तुरुंगापर्यंत नेऊ शकत होती. रत्नागिरीहून, सावंतवाडीहून, साताऱ्याहून समुद्र ओलांडून आलेला माणूस इथे पंचवीस मैल मोकळेपणाने चालू शकत नव्हता.

या जाचाविरुद्ध १८७१ मध्ये ९,४०१ जुन्या मजुरांनी एका अर्जावर सह्या आणि अंगठे केले. अडोल्फ द प्लेव्हिट्झ नावाच्या मळेवाल्याकडच्या गोऱ्या माणसाने तो अर्ज लिहून पुढे नेला. त्यानंतर इंग्लंडहून चौकशी आयोग आला आणि मजुरांच्या तक्रारींत तथ्य आहे हे सरकारी कागदावर आले. मग हळूहळू नियम सैल झाले आणि १९१० मध्ये करारावर माणसे आणण्याची पद्धतच संपली.

ही गोष्ट लक्षात ठेवून आपण सहलीकडे पाहू. वाक्वाहून, आंरिएताहून, कास्काव्हेलहून आपण सकाळी बसमध्ये बसतो आणि तासाभरात माएबूरला उतरतो. वाटेत कोणी पास विचारत नाही. पूर्वजांना जे करता आले नाही ते आपण दर रविवारी करतो आणि त्याची जाणीवही ठेवत नाही. आमचे म्हणणे इतकेच आहे की हा मोकळा दिवस नुसता समुद्रात डुंबण्यात घालवू नये. डुंबावे जरूर, पण त्या आधी दोन तास बेट पाहावे, आणि पाहताना एक प्रश्न मुलांना विचारायला शिकवावे : हे कोणाच्या हातांनी झाले?

माएबूरच का, असेही आम्हांला विचारतात. कारण गाव लहान आहे आणि त्याच्या अर्ध्या तासाच्या परिसरात इतिहास, पक्षी, झाडे, समुद्र आणि ऊस हे सगळे आहे. लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना लांबचा प्रवास झेपत नाही. इथे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना आजीला डुलकी लागेपर्यंत पुढचा मुक्काम येतो.

पहिला मुक्काम राष्ट्रीय इतिहास संग्रहालयाचा. गावाच्या तोंडाशी, झाडांच्या सावलीत, अठराव्या शतकातले एक मोठे फ्रेंच घर आहे. ऑगस्ट १८१० मध्ये ग्रां पोरच्या उपसागरात फ्रेंच आणि इंग्रज आरमारांची लढाई झाली. ती फ्रेंचांनी जिंकली, आणि पॅरिसच्या विजय-कमानीवर या लढाईचे नाव कोरलेले आहे. दोन्ही बाजूंचे जखमी नायक, इंग्रजांचा विलोबी आणि फ्रेंचांचा द्युपेरे, यांच्यावर याच घरात उपचार झाले. मुलांना ही गोष्ट फार आवडते : दिवसा एकमेकांवर तोफा डागणारे दोघे रात्री एकाच छपराखाली. बुडालेल्या सेंट जेरां जहाजाची घंटाही तिथे पाहायला मिळते.

या घराची मुख्य गोष्ट सेनापतींची आणि जहाजांची आहे, आणि ती नीट मांडली आहे. आपण तिला आपली पुरवणी जोडायची. त्याच वर्षाच्या डिसेंबरात इंग्रजांनी बेट घेतले, तेव्हा त्यांच्या फौजेत हिंदुस्थानी शिपाई होते. आणि १८१५ पासून बंगाल आणि मुंबई इलाख्यांतून काळ्या पाण्याची शिक्षा झालेले कैदी इथे आणले गेले. त्यांच्याकडून रस्ते आणि पूल बांधून घेतले. १८३६ साली चार्ल्स डार्विन या बेटावर आला तेव्हा असे सुमारे आठशे कैदी इथे होते, असे त्याने लिहून ठेवले आहे. म्हणजे करारावरचे मजूर येण्याच्या आधीच मुंबई इलाख्यातली माणसे या मातीत राबत होती. आपली शताब्दी साजरी करताना या कैद्यांची आठवण कोणी काढत नाही, कारण कैद्याचा वंशज म्हणवून घ्यायला कोणाला आवडत नाही. पण ज्या रस्त्यांवरून आपली बस आली त्यांची आखणी करताना दगड फोडणारे कोण होते, हे मुलांना सांगायला लाजू नये.

संग्रहालयातून निघालो की पूल ओलांडून व्हिल नुआरला जावे. तिथे मान्योकची बिस्किटे १८७० पासून एकाच कुटुंबाच्या कारखान्यात बनतात. मान्योक म्हणजे तोच कंद ज्याच्यापासून आपल्या उपासाचा साबुदाणा होतो. फ्रेंच गव्हर्नर माए द ला बुर्दोने याने तो या बेटावर आणवला, तो गुलामांना पोटभर आणि स्वस्तात खायला घालता यावे म्हणून. गावाला माएबूर हे नाव त्याच्यावरूनच पडले. एकादशीला आपल्या ताटात येणारा साबुदाणा आणि आफ्रिकेतून, मादागास्करहून पकडून आणलेल्या माणसाच्या ताटातला मान्योक एकाच कंदाचे आहेत. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामी संपली, आणि त्यांच्या जागी राबायला आपले पूर्वज आणले गेले. ज्या झोपड्यांतून ते निघाले त्याच झोपड्यांत पुष्कळ ठिकाणी आपले लोक राहिले. बिस्कीट खाता खाता ही गोष्ट मुलांना सांगता येते, आणि मुले ती विसरत नाहीत.

तिसरा मुक्काम आम्हांला सर्वांत आवडतो, पण तिथे पाहायला फारसे काही नाही. विमानतळाजवळ, उसाच्या पट्ट्यात, मार ओ सोंज नावाची दलदलीची जागा आहे. जागा खासगी मळ्यात येते, म्हणून आम्ही बस रस्त्याच्या कडेला सुरक्षित थांबवतो आणि आतल्या आत बसूनच गोष्ट सांगतो.

'सोंज' म्हणजे अळू. मार ओ सोंज म्हणजे अळूचे तळे. एका सहलीत आम्ही हे सांगितले तेव्हा बसमधल्या एका मावशी म्हणाल्या, "मग आधी सांगायचे ना, आम्ही सुरी आणली असती." पुष्कळ मुलांनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले की घरातली अळूवडी कोणत्या पानाची होते आणि ते पान पाण्याच्या काठी उगवते. पण या तळ्याची खरी प्रसिद्धी डोडोमुळे आहे.

डोडो हा न उडणारा मोठा पक्षी फक्त या बेटावर होता आणि सतराव्या शतकातच संपला. पुढे दीडशे वर्षे लोक विचारत राहिले की असा पक्षी खरोखर होता की खलाशांनी रचलेली कथा. मग १८६५ साली माएबूरपर्यंत रेल्वे आणण्याचे काम चालू होते. हिगिन्सन नावाचा रेल्वेचा इंजिनियर बांधावरून चालला असताना त्याला दिसले की काही मजूर दलदलीतली काळी माती काढत आहेत आणि त्यांत निघालेली हाडे वेगळी करून ढीग लावत आहेत. त्याने काही हाडे खिशात घातली. माएबूरच्या सरकारी शाळेचे मास्तर जॉर्ज क्लार्क डोडोच्या हाडांच्या शोधात होतेच. त्यांनी तळ्यात माणसे उतरवली. कमरेपर्यंतच्या चिखलात ही माणसे उघड्या पायांनी तळ चाचपत, आणि पायाला हाड लागले की खाली वाकून वर काढत. ती हाडे लंडनला गेली, तिथल्या प्रोफेसर ओवेन यांनी त्यांवर प्रबंध लिहिला आणि डोडो खरा होता हे जगाला पटले. जगातल्या संग्रहालयांत डोडोचे जे सांगाडे उभे आहेत त्यांतली बहुतेक हाडे या अळूच्या तळ्यातली आहेत. २००५ मध्ये शास्त्रज्ञांनी पुन्हा खोदले तेव्हा तिथली हाडे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची निघाली.

क्लार्क यांचे नाव पुस्तकांत आहे, हिगिन्सनचे आहे, ओवेनचे आहे, आणि ते योग्यच आहे. पण हिगिन्सनने पाहण्याच्या आधी कोणीतरी मातीतून हाडे वेगळी केली होती.  दिवसभर चिखल उपसताना हाताला काही वेगळे लागले, म्हणून त्यांनी ते टाकून न देता बाजूला ठेवले. त्या काळी अशा कामावर राबणारे म्हणजे कुली, हिंदुस्थानातून आलेले आपले लोक. डोडो आज या देशाच्या राजचिन्हावर आहे, कपांवर आहे, टी-शर्टांवर आहे. आपल्या मुलांनी तो पाहिला की त्यांना आठवावे की तो परत उजेडात आला त्यात आपल्या माणसांचे पाय चिखलात होते.

इथून मागे वळताना खिडकीतून दोन्ही बाजूंना पाहावे. उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे ढीग दिसतात. काही बुटके, काही लांब भिंतीसारखे, काही पायऱ्यापायऱ्यांनी वर गेलेले. प्लेन मान्यांजवळच्या अशा ढिगांना हल्ली पिरॅमिड म्हणतात, आणि ते कोण्या प्राचीन संस्कृतीचे आहेत असे सांगणारेही निघाले आहेत. आम्ही मुलांना सरळ सांगतो. हे बेट ज्वालामुखीचे. जमिनीत जितकी माती तितका दगड. ऊस लावायचा तर दगड वेचावा लागतो, आणि वेचलेला दगड कुठेतरी रचावा लागतो. आधी गुलामांनी आणि नंतर करारावरच्या मजुरांनी हे दगड उचलले, डोक्यावर वाहिले, एकावर एक बसवले. महिन्याला पाच रुपये आणि तांदूळ, डाळ, तेल, मीठ यांचा शिधा. एक दिवस गैरहजर राहिला तर दोन दिवसांची मजुरी कापली जायची. एवढ्या कष्टाचे काम आपल्या माणसांनी केले, तर ते दुसऱ्या कोणाच्या नावावर का लावावे? या ढिगांवर पाटी नाही. पाटी नसली की कोणीही आपली कथा त्यावर लावतो.

एकदा याच रस्त्यावर एक वृद्ध काकू बोलू लागल्या. तोपर्यंत त्या दिवसभर गप्प होत्या. त्या म्हणाल्या, लहानपणी आई ऊसतोडीला जायची तेव्हा धाकट्या भावाला ढिगाच्या सावलीला निजवून जायची आणि मला राखण ठेवायची. दगडांत गारवा असायचा. डबा त्याच सावलीत उघडायचा. मुंगूस आले की खडा मारायचा. बसमध्ये चाळीस माणसे होती आणि सगळी शांत झाली. काकूंच्या स्वतःच्या मुलाने हे कधी ऐकले नव्हते. घरी दिवाणखान्यात बसून विचारले असते तर त्यांनी म्हटले असते, काय सांगायचे त्यात. दगड दिसले म्हणून आठवले. आमच्या सहलींचे खरे कारण हेच आहे. पुढच्या वर्षी आम्ही त्यांना बसमध्ये नेऊ शकलो नाही. त्या आता नाहीत. त्यांचे ते दोन-चार वाक्यांचे बोलणे एका नातीने त्याच संध्याकाळी वहीत लिहून ठेवले, म्हणून ते आज आपल्याकडे आहे.

दुपारच्या जेवणासाठी व्ह्यू ग्रां पोर चांगले. तिथे समुद्राकाठी डचांच्या वसाहतीचे अवशेष आणि फ्रेडरिक हेंड्रिक संग्रहालय आहे. डच खलाशी १५९८ मध्ये इथे उतरले आणि त्यांच्या राजपुत्र मॉरिसच्या नावावरून बेटाला मॉरिशस म्हणू लागले. १६३८ मध्ये त्यांनी वस्ती केली, १७१० मध्ये बेट सोडून गेले. जाताना दोन गोष्टी मागे ठेवल्या : हरणे आणि ऊस. ऊस त्यांनी बटाव्हियाहून आणला. त्या वेळी कोणाला वाटले असेल की या एका गवताच्या कांडीमुळे पुढे साडेचार लाख माणसे हिंदुस्थानातून इकडे येतील? कलकत्ता आणि मद्रासच्या मानाने मुंबई बंदरातून आलेले थोडे. पण आज या सभागृहात आपण मराठी बोलत बसलो आहोत याचे मूळ त्या कांडीत आहे.

जेवण झाल्यावर फेर्नेच्या दरीत जावे. ज्यांना चालवते त्यांनी पायवाटेने जावे, बाकीच्यांनी सावलीत बसावे. इथे या बेटाचे मूळचे जंगल थोडे उरले आहे. इथूनच मोठा रस्ता नेण्याची योजना निघाली होती. दुर्मिळ झाडे सापडली, लोकांनी आवाज उठवला आणि ती योजना बदलावी लागली. दरीत मॉरिशसचा छोटा ससाणा दिसू शकतो, ज्याला क्रेसरेल म्हणतात. जुने लोक त्याला कोंबड्या पळवणारा म्हणून दगड मारत. खरे तर तो पालींवर, सरड्यांवर जगतो. १९७४ मध्ये रानात हे ससाणे फक्त चार उरल्याची नोंद होती. चार! मग अंडी जपून, पिल्ले वाढवून, खोकी बांधून त्याला परत उभे केले गेले.

हेच काम समोरच्या इल ओ एग्रेत बेटावर चालते. त्यासाठी मात्र वेगळा दिवस ठेवावा. पॉइंट जेरोमहून होडीने दहा मिनिटांत पोहोचता येते, पण जागा आधी राखून ठेवावी लागते आणि वाटाड्याबरोबरच फिरावे लागते. बेट जेमतेम २६ हेक्टरचे. १९६५ पासून ते राखीव आहे. तिथले जंगल सरपणासाठी तोडले गेले होते आणि बाहेरच्या झुडपांनी भरले होते. ती झुडपे माणसांनी हातांनी उपटली आणि आबनूसासारखी मूळची झाडे पुन्हा लावली. मोठी कासवे वाटेवर आडवी येतात. मुलांना घरी न्यावीशी वाटतात. आणि गुलाबी पारवा दिसतो, ज्याचे १९९० च्या सुमारास रानात नऊ-दहाच पक्षी उरले होते.

आपल्याला यातून काय घ्यायचे? आम्हांला वाटते, भाषेचेही असेच आहे. आपल्या मराठीचे घरात किती बोलणारे उरले हे प्रत्येकाने आपापल्या घरी मोजावे. चारांवरून ससाणा परत आला तो आपोआप आला नाही. कोणीतरी रोज उठून त्याला चारा घातला. शाळेत मराठी शिकवली जाते ही मोठी गोष्ट आहे. पण सहलीत आजीशी दिवसभर मराठी बोलणे हाही तिला घातलेला चाराच आहे. आमच्या बसमध्ये एक साधा नियम असतो : क्रिओल बोलायला हरकत नाही, फ्रेंच बोलायला हरकत नाही, पण दिसलेल्या प्रत्येक वस्तूचे मराठी नाव एकदा तरी विचारायचे. कोणाला येत नसेल तर वहीत लिहून घ्यायचे आणि घरी जाऊन शोधायचे.

शेवटी समुद्र. ब्लू बे हे सागरी उद्यान आहे, १९९७ पासून. काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ पाहता येतो. रविवारी तिथे आपलीच गर्दी असते. भांडी, चटया, रावान वाजवणारे, पाण्यातून बाहेर न येणारी मुले. त्या गर्दीत बसूनही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे, आणि ती फार जुनी नाही. २५ जुलै २०२० ला एक मोठे परदेशी मालवाहू जहाज याच किनाऱ्याजवळच्या खडकांवर चढले. ६ ऑगस्टपासून त्यातून तेल सांडू लागले. सुमारे एक हजार टन तेल या निळ्या पाण्यात आले. माएबूरच्या बंदरावर त्या दिवसांत हजारो माणसे जमली. हिंदू, मुसलमान, क्रिओल, चिनी, मळेवाल्यांची मुले आणि मजुरांची मुले. त्यांनी कापडाच्या लांब थैल्या शिवल्या आणि त्यांत उसाचे पाचट भरून तेल अडवणारे तरंगते बांध तयार केले.

उसाचे पाचट! ज्या पाचटाने आपल्या आज्या-पणज्यांचे हात कापले, ज्याने त्यांची घरे शाकारली, त्याच पाचटाने ही खाडी वाचवायला हातभार लावला. पाचट कसे दाबून भरायचे हे तरुणांना कोणी दाखवले? ज्यांनी आयुष्यभर ऊस तोडला त्यांनी. त्या दिवसांत कोणी कोणाला जिल्हा विचारला नाही.

आता थोडे कामाचे बोलतो, म्हणजे आमचे भाषण नुसते भाषण राहणार नाही.

पहिले. सहलीला निघण्याआधी आपल्या कुटुंबाची नोंद काढावी. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत करारबद्ध मजुरांची जुनी दप्तरे जपून ठेवली आहेत. आपला, आपल्या वडिलांचा, आजोबांचा जन्म-विवाहाचा दाखला असा मागे मागे नेत गेले की पहिल्या आलेल्या पूर्वजाचा क्रमांक सापडू शकतो. त्या नोंदीत जहाजाचे नाव, वडिलांचे नाव, वय, गाव किंवा जिल्हा, आणि कोणत्या मालकाकडे पाठवले हे मिळते. काहींना फोटोही मिळाला आहे. आपल्यातल्या पुष्कळांचे आडनाव म्हणजे त्या पहिल्या माणसाचे पाळण्यातले नाव, हे तिथे कळते. मळ्याचे नाव हाती आले की सहल कुठे काढायची हे ठरवायला कोणाला विचारावे लागत नाही. माएबूर हे आमचे उदाहरण झाले. तुमचे माएबूर सावानात असेल, फ्लाकमध्ये असेल, रिव्हिएर नुआरला असेल.

दुसरे. एका दिवसात दोन ठिकाणांहून जास्त पाहू नये. आम्ही सांगितलेली सगळी ठिकाणे एकाच सहलीची नाहीत. मुले कंटाळली की इतिहास शिक्षेसारखा वाटतो. संग्रहालये आणि बेटाच्या होड्या यांचे वार आणि वेळा आधी फोन करून विचाराव्यात. जून ते डिसेंबर ऊसतोडीचा हंगाम असतो, तेव्हा शेतरस्त्यांवर उसाच्या गाड्या भरधाव जातात. मुलांचा हात सोडू नये. दगडांचे ढीग मळेवाल्यांच्या जमिनीत आहेत. परवानगीशिवाय आत जाऊ नये, आणि दगड घरी आणू नये. आपल्याच माणसांनी रचलेला ढीग आपणच विसकटू नये.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे. सहलीत म्हातारी माणसे हवीत. कुटुंबे हल्ली मुलांना घेऊन निघतात आणि आजी-आजोबांना घरी ठेवतात, त्यांना त्रास नको म्हणून. हेतू चांगला असतो. पण ज्या माणसाला दगड पाहून काही आठवते तोच घरी राहिला, तर दगड नुसता दगड राहतो. जुन्या कारखान्यांची धुराडी अजून शेतांत उभी आहेत, पण कारखाने बंद झाले आहेत. चालणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. भोंगा वाजल्यावर उठलेली, मळ्यावरच्या कँपात जन्मलेली ही शेवटची पिढी आहे. धुराडे आणखी पन्नास वर्षे उभे राहील. त्याच्याकडे बोट दाखवून "तिथे तुझे पणजोबा भट्टीवर होते" असे सांगणारा माणूस तितका काळ थांबणार नाही.

म्हणून आमची एक विनंती आहे. या स्मरणिकेच्या शेवटी काही कोरी पाने ठेवावीत असे आम्ही संपादकांना सुचवले आहे. शताब्दीच्या वर्षात प्रत्येक कुटुंबाने एक तरी दिवस काढावा, एका वडीलधाऱ्या माणसाला आपल्या जुन्या मळ्याच्या रस्त्यावरून फिरवून आणावे, आणि ते जे बोलतील ते त्या कोऱ्या पानांवर तारखेसह लिहून ठेवावे. मराठीत लिहिता येत नसेल तर जे अक्षर येते त्यात लिहावे. शुद्धलेखन नंतर बघू.

पुढच्या सहलीची नावनोंदणी बाहेरच्या टेबलावर चालू आहे. पासाची गरज नाही. बसच्या पहिल्या दोन रांगा नेहमीप्रमाणे ज्येष्ठांसाठी राखून ठेवल्या आहेत. त्या रिकाम्या जाऊ देऊ नका.